बेरिनची जागा

कोडिअॅक, अलास्का
११ फेब्रुवारी १९९७

लिओनिलाबाई,

आपली ओळख नाही. मी आनाक्लेतो पालोमार. बेरिनच्या तोंडून क्लेतो हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मासळीच्या कारखान्यात आम्ही दोघं वर्षानुवर्षं एकाच लायनीत शेजारी उभे राहिलो, आणि माझी बायको गेल्यापासून एकाच घरात राहत होतो.

बेरिन गेला. २७ जानेवारीला, दुपारी, हृदय बंद पडून. १ फेब्रुवारीला आम्ही त्याला इथल्या दफनभूमीत ठेवलं. फादरनी मिस्सा केली. नऊ दिवसांची प्रार्थना झाली. कशाची कमी पडू दिली नाही.

कळवायला उशीर झाला. त्याचे कपडे आणि वस्तू पेटीत भरून पाठवतो. पेटी बोटीनं येईल, वेळ लागेल.

त्याच्यासारखा माणूस या बेटावर दुसरा नव्हता. यापुढे मला लिहिता येत नाही.

आ. पालोमार


पिनिली, इलोकोस नोर्ते
३ मार्च १९९७

श्री. पालोमार,

तुमचं पत्र माझ्या मुलानं, देल्फिननं, मला वाचून दाखवलं. मग मी चष्मा शोधून स्वतः वाचलं. मला वाटलं होतं, पोरगा घाबरून तारखा चुकीच्या वाचतोय. तारखा बरोबर होत्या.

८ फेब्रुवारीला देल्फिनचं लग्न झालं. मला हा एकच मुलगा. त्याचा धर्मपिता म्हणून मानोंग, म्हणजे आमचा दादा, बेरिन त्याच्या शेजारी उभा राहणार होता. तिकीट काढलेलं होतं. लग्नाच्या आधी तुम्ही औषधाच्या दुकानात फोन केलात, देल्फिनला बोलावून घेतलंत आणि सांगितलंत, वादळ आहे, विमानं बंद आहेत, तुझ्या मामाला येता येत नाही. त्या वेळी माझा भाऊ मेलेला होता.

मी त्या लग्नात नाचले, श्री. पालोमार. लाल पोशाख घालून. आलेल्या प्रत्येकाला सांगत होते, आमचा मोठा भाऊ आता अमेरिकन झालाय, बर्फाची निमित्तं सांगतो. लोक हसत होते आणि मीही हसत होते. असं करायला मी तुमचं काय बिघडवलं होतं?

माझा भाऊ कसा होता ते तुम्ही मला सांगू नका. वडील गेले तेव्हा मी लहान होते, तो मिसरूड फुटलेला पोरगा. नदीला पाणी चढलं की मला खांद्यावर बसवून पलीकडे न्यायचा आणि तिथं आपल्या सदऱ्यानं माझे पाय पुसायचा, म्हणजे वर्गात कुणी हसायला नको. मग परत फिरून स्वतः लसणाच्या शेतात राबायला जायचा. मी शिक्षिका झाले ती त्याच्या खांद्यावर बसून. तो अलास्काला गेला तो आम्हा भावंडांसाठी. लग्न केलं नाही तेही आमच्यासाठी.

आई गेली तेव्हा तो आला होता. तिच्या थडग्यावर हात ठेवून मला म्हणाला, ‘निला, हिच्या शेजारी माझ्यासाठी जागा धर.’ मी धरली. गवंड्याकडून शवपेटी मावेल असा कोनाडा बांधून घेतला, नाव कोरून घेतलं. दर नोव्हेंबरात त्याला चुना देते. आज तो कोनाडा रिकामा आहे, आणि माझ्या भावाला तुम्ही बर्फात पुरून टाकलंत, जसं काही त्याचं कुणी नव्हतंच.

त्याला उठवा आणि घरी पाठवा. कसं ते तुमचं तुम्ही बघा. पेटी पाठवू नका. त्याचे कपडे घेऊन मी काय करू?

लिओनिला बुमांगलाग कालायकाय


कोडिअॅक
२४ मार्च १९९७

श्रीमती कालायकाय,

तुम्ही शिक्षिका आहात, पत्रातून कान पिळायचे कसे ते तुम्हाला येतं. मी चौथी शिकलो. तरी लिहितो.

फोनबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर मला काही म्हणायचं नाही. तसं समजा.

बाकीचं मात्र मी ऐकून घेणार नाही. ‘त्याचं कुणी नव्हतंच.’ बाई, त्याच्या मिस्सेला चर्चमध्ये माणूस मावला नाही. लोक बाहेर वाऱ्यात उभे होते, आणि इथला वारा तुम्हाला ठाऊक नाही. कारखान्याच्या मॅनेजरनं त्या दिवशी लायन बंद ठेवली. ठेवली नसती तरी चालवायला कुणी आलंच नसतं.

विमानतळावर आपल्याकडचं नवं पोर उतरलं की समोर बेरिन उभा, हातात जाड कोट आणि रबरी बूट. कुणाचा कोण याची चौकशी नाही. पोर पातळ शर्टात उतरलेलं, दात वाजतायत. बेरिन त्याला कोट घालायचा, घरी आणायचा, भात आणि खारवलेल्या मासळीचं कालवण वाढायचा आणि म्हणायचा, ‘आता रडून घे. उद्यापासून वेळ मिळायचा नाही.’ रविवारी स्वयंपाकघरात खुर्ची मांडून सगळ्यांचे केस कापायचा. त्याला एकच कट यायचा. बेटावरचे आम्ही सगळे एका आईची लेकरं दिसायचो. तरी कुणाची न्हाव्याकडे जायची छाती नव्हती, त्याला वाईट वाटेल म्हणून.

आता शब्दाचं बोलू. माझी बायको रोसिंग गेली तेव्हा मी तिच्या खड्ड्याजवळून हलेना. बेरिन मला म्हणाला, ‘क्लेतो, तिच्या या बाजूला तू, त्या बाजूला मी. तुम्हा दोघांना इथं टाकून मी जातो कुठं?’ फादर शेजारीच होते, त्यांनी ऐकलंय. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी जाऊन जागा घेतल्या.

तुमच्याकडे कोनाडा असेल. माझ्याकडे त्याचा शब्द आहे. तो इथंच राहील.

पेटी पाठवली आहे. नको असेल तर गावात वाटून टाका. त्यानं तेच केलं असतं.

आ. पालोमार


पिनिली
२० एप्रिल १९९७

श्री. पालोमार,

तुमच्याकडची, दक्षिणेच्या बेटांवरची बिसाया माणसं शिवी दिली तरी गोड आवाजात देतात असं मी ऐकून होते. तुमचं पत्र वाचल्यावर तोही समज गेला.

माझ्या भावानं तुम्हाला शब्द दिला नसणार. दिला असेल तर तुमच्या रडण्याला घाबरून काहीतरी बोलला असेल आणि तुम्ही ते धरून बसलात. त्यानं आईच्या थडग्यावर हात ठेवून मला सांगितलंय. माझा भाऊ खोटं बोलत नव्हता, म्हणजे खोटं कोण बोलतंय ते उघड आहे.

आणि ‘फोनबद्दल मला काही म्हणायचं नाही’ म्हणजे काय? माझ्या वर्गात कुणी असं उत्तर दिलं की मी त्याला तास संपेपर्यंत उभं करत असे.

मी त्याची सख्खी बहीण आहे. कायद्यानं त्याच्यावर हक्क माझा. आमच्या वकिलानं कागद करून तुमच्या शहर कचेरीला पाठवलाय. मीसुद्धा येतेय. पुढच्या महिन्यात मनिलाला जाऊन व्हिसासाठी अर्ज करते. तुमच्यासमोर उभी राहून त्याला घेऊन जाईन.

देल्फिन म्हणतो, ‘आई, राहू दे ना. मामा जिथं आहे तिथं सुखात असेल.’ तुमच्या त्या फोननं पोराला काय केलंय कुणास ठाऊक. नवीन लग्न झालंय, सुनेला दिवस गेलेत, घरात आनंदानं फिरायचं, तर हा अंगणात एकटा बसतो. ताटावरून अर्धवट उठतो. मामावर त्याचा जीव होता. त्याच्याकडून खोटा निरोप वदवून घेतलात तुम्ही. देव बघतोय.

लि. बु. कालायकाय


कोडिअॅक
१२ मे १९९७

श्रीमती कालायकाय,

शहर कचेरीतला माणूस तुमचा कागद घेऊन घरी आला. दारातच टोपी काढून उभा. त्याच्या मुलीचा धर्मपिताही बेरिनच. मी त्याला कॉफी दिली. कागदात बेरिनला ‘अवशेष’ म्हटलंय. तुमच्या वकिलाला विचारा, त्याच्या घरचं कुणी गेलं तर तो हाच शब्द वापरतो का.

जमीन आता मऊ झाली आहे. या. फावडं मी देईन. आडवा येणार नाही, मदतही करणार नाही. कुंपणाजवळ बसून बघत राहीन. रोसिंगच्या शेजारी खड्डा पडेल तो तुम्ही बुजवून जा, म्हणजे झालं.

पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. इतकी पत्रं लिहिलीत. कोनाडा झाला, हक्क झाला, वकील झाला, देवसुद्धा येऊन गेला. तो गेला कसा, जवळ कोण होतं, काही बोलला का, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत? बहीण म्हणवता ना?

देल्फिनवर ओरडू नका. त्याला जेवायला घाला. त्याला माझ्याविरुद्ध काही विचारतही बसू नका. जे काही झालं ते माझ्या नावावर लिहा आणि त्याला मोकळं सोडा.

आ. पालोमार


पिनिली
३० जून १९९७

श्री. पालोमार,

तुम्हाला आनंद होईल अशी बातमी आहे. व्हिसा नाकारला.

काचेपलीकडे माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी होती. म्हणाली, ‘तिकडे तुमचं कोण आहे?’

मी म्हटलं, ‘भाऊ.’

‘काय करतात ते?’

‘तो गेला.’

‘कुठे गेले?’

मी म्हटलं, ‘अगं बाई, मेला तो. त्याला आणायला चाललेय.’ तिनं कागद चाळले आणि विचारलं, तुम्ही परत याल याची खात्री काय. मी म्हटलं, मला तिथं राहायचं असतं तर भाऊ जिवंत असताना गेले नसते का? आता त्याला घेऊन यायचं म्हणूनच जातेय. तिनं शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

बसमध्ये घरी येईपर्यंत तुमचं शेवटचं पत्र माझ्या पिशवीत होतं. तुम्ही मला जे विचारलंत ते कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मला तुमचा फार राग आला. मी विचारलं नाही, कारण जोवर विचारलं नव्हतं तोवर तो फक्त तुम्ही लपवून ठेवलेला माणूस होता. हे तुमच्याजवळ का बोलतेय मलाच कळत नाही. माझ्याजवळ दुसरं कुणी नाही जे तिथं होतं.

विचारते. कसा गेला?

लिओनिला


कोडिअॅक
१८ जुलै १९९७

लिओनिलाबाई,

सांगतो.

त्या दिवशी सुट्टी होती, म्हणजे समुद्र खवळलेला, होड्या आल्या नव्हत्या, कारखान्यात मासळी नव्हती. घर भरलेलं होतं. तो निघणार म्हणून जो तो आपापल्या गावासाठी काहीतरी सामान घेऊन आलेला. बेरिनची बॅग कधीच भरली होती, तरी तो सगळ्यांचं घेत होता. ‘ठेव तिथं, मावेल.’ कुणाच्या आईसाठी गुडघ्याचं मलम, कुणाच्या पोरासाठी बूट. मी म्हटलं, ‘तुझे स्वतःचे कपडे कुठं घालणारेस?’ म्हणाला, ‘अंगावर.’

देल्फिनच्या लग्नासाठी त्यानं नवा बारोंग शिवून घेतला होता, छातीवर बारीक भरतकाम केलेला, आरपार दिसणारा. बायकांनी हट्ट धरला, घालून दाखवा. तो आत गेला आणि घालून आला. केसांना पाणी लावलेलं. खाली मात्र मासळीच्या वासाची जुनी पँट आणि लोकरीचे मोजे. सगळे हसले.

मला विचारलं, ‘कसा दिसतो?’

मी म्हटलं, ‘नवरामुलगा पळून गेला तर तुलाच उभं करतील.’

म्हणाला, ‘निला बघेल आणि म्हणेल, मानोंग, पोट आत घे.’ मग म्हणाला, ‘ती काही रडायची नाही. लहान असतानाही नदीला घाबरून माझे केस घट्ट धरायची, पण रडायची नाही. या खेपेला मुलाच्या लग्नात रडते का बघायचंय.’

मग म्हणाला, ‘जरा बसतो. चुरगळणार नाही ना रे?’ मी म्हटलं, चुरगळला तर इस्त्री करू. तो खुर्चीत बसला, शर्टाच्या मागच्या कडा हातांनी नीट करून. मी कॉफी ओतायला वळलो. परत वळेपर्यंत तो गेला होता. खुर्चीत तसाच. तोंडावर त्रास नव्हता. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. असता तर असता म्हणून लिहिलं असतं.

तोच बारोंग घालून त्याला ठेवलं. इस्त्री मी केली.

आता दुसरं. तुम्ही मला खोटारडा म्हणालात, तेव्हापासून डोक्यात चक्र फिरत होतं. फादरना जाऊन विचारलं, बेरिन माझ्यापाशी बोलला ते तुम्ही ऐकलंत ना? ते म्हणाले, ‘ऐकलं. पण मला तो म्हणाला होता, मला चर्चच्या दारात पुरा, म्हणजे कोण येत नाही ते मला कळेल.’ मग मी बसून विचार केला. बेरिन तुम्हाला नक्की म्हणाला असेल, आईशेजारी जागा धर. मलाही म्हणाला. दोन्ही वेळा त्याच्या मनात तसंच होतं. समोरच्याचं तोंड उतरलेलं त्याला बघवत नसे. जो दुःखी दिसेल त्याला हवं ते देऊन टाकायचा. स्वतःचं मढंसुद्धा दोघांना देऊन बसला.

परवा मी दफनभूमीत गेलो आणि त्याला मोठ्यानं शिव्या दिल्या. म्हटलं, तू आरामात झोपलास आणि इथं म्हातारा-म्हातारी पत्रांतून एकमेकांचे केस उपटतायत. शेजारी रोसिंग आहे, म्हणून शब्द जपून वापरले.

तुमचा कागद मी सही करून ठेवला आहे. तुम्हाला येता येत नसेल तर मी घेऊन येईन. थंडी पडायच्या आत कळवा. मला हे करायला आवडेल असं मात्र समजू नका.

क्लेतो पालोमार


पिनिली
२२ सप्टेंबर १९९७

श्री. क्लेतो,

तुमच्यावर मी पूर्वी रागावले होते असं मला वाटत होतं. तो राग काहीच नव्हता.

ऑगस्टच्या मध्यावर मला नातू झाला. चांगला भरलेला, गुबगुबीत. फेब्रुवारीतलं लग्न आणि ऑगस्टमधलं बाळ. सुईण माझ्याकडे बघून ओठ दाबत होती. मी तिला म्हटलं, मी गणित शिकवलंय, तू बोलू नकोस. त्याचं मला काही वाटलं नाही. मुलगी चांगली आहे. देल्फिन म्हणाला, बाळाला मामाचंच पूर्ण नाव ठेवू, सेवेरिनो. मी म्हटलं, दुसरं काय ठेवणार.

बाप्तिस्म्याच्या तयारीत मी आणि सून, मारिविक, लसूण सोलत बसलो होतो. मी बाळाला हाक मारली, ‘बेरिन.’ तिच्या हातातलं सूप निसटलं. म्हणाली, ‘आई, मला या नावानं त्याला हाक मारता येत नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय नाही येणार.’

तिनं सांगितलं. मग मी अंगणात गेले आणि देल्फिनला म्हटलं, तू सांग आता, तुझ्या तोंडानं.

म्हणाला, ‘पालोमारकाकांचा फोन आला, मामा गेले म्हणून. मी म्हटलं, आईला सांगू नका. कळलं तर ती मामांना आणायला लावेल, वर्षभर सुतक, लग्न पुढे जाईल. आत्ता नाही झालं तर ईस्टरआधीचा उपवासकाळ लागतो, त्यात चर्चमध्ये लग्न लावत नाहीत. मारिविकचं पोट दिसायला लागेल, तिचे वडील तिला घरात ठेवणार नाहीत. मग काकांनी विचारलं, पोरगी किती महिन्यांची आहे? मी सांगितलं. म्हणाले, तुझ्या मामाला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून मी कबूल होतोय. तुझ्यासाठी नाही. तू माणूस म्हणून मला आवडला नाहीस.’

वादळ त्यानं रचलं होतं. बंद विमानं त्याची. तुम्ही फक्त गप्प बसलात, आणि मी तुम्हाला देवाची भीती घातली तरी गप्प बसलात. तुम्हाला इतकं चांगलं व्हायला कुणी सांगितलं होतं? महिनोन्महिने मी एका परक्या माणसाला शिव्या घालत होते, आणि ज्याला घालायच्या त्याला वाढून देत होते, आणखी घे रे, वाळलास किती, म्हणून. तुम्ही माझ्या मुलाला माझ्यापासून वाचवलंत आणि मला माझ्या भावासाठी वेळेवर रडू दिलं नाहीत. दोन्हीबद्दल मी तुम्हाला माफ करत नाही.

देल्फिनवर मी हात उचलला नाही. बाप्तिस्म्याच्या जेवणाला सगळं गाव आलं होतं, पहिलं वाढप झालं तेव्हा मी त्याला म्हटलं, ऊठ आणि सांग. तो उठला आणि त्यानं सांगितलं. सगळं, पोटातल्या बाळासकट. मधे कुठे थांबला नाही. माझे थोरले दीर ताट सरकवून निघून गेले. त्यांच्या मागोमाग आणखी काही जण. मारिविक बाळाला घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचे वडील उठले. मग त्यांनी आपली खुर्ची देल्फिनकडे ढकलली आणि म्हणाले, ‘बस.’

रात्री आवरून झाल्यावर देल्फिन म्हणाला, ‘आई, काका आणतो म्हणतायत. मी लागेल ते करतो, मामांना घरी आणू.’

मी नाही म्हटलं. तुमच्यासाठी नाही म्हटलं असं समजू नका. त्याला म्हटलं, ‘तुझ्या मामानं आपली जागा तुझ्या लेकराला दिली. मेल्यावर दिली, त्याला विचारलंही नाहीस तरी दिली. आता तुला जड होतंय म्हणून परत करतोस? तो तिथंच राहील आणि तू इथं हे घेऊन राहशील. मीही राहीन.’

तो कागद फाडून टाका.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्याच्यापुढे आतांग, म्हणजे गेलेल्या माणसाचं ताट, ठेवा. बिसायांना ते नीट येतं की नाही मला माहीत नाही, म्हणून लिहिते. भात, उकडलेलं अंडं, केळीच्या पानात भाजलेलं तांदळाचं गोड तुपिग, पेलाभर दारू. आधी त्याला, तो जेवेपर्यंत थांबायचं, मग तुम्ही. पुढ्यात बसून घाई करू नका. तुमच्या बायकोपुढेही ठेवा, ती काय नुसती बघत बसणार?

आणि उत्तर लिहा. माझा राग गेलेला नाही, पण लिहा.

लिओनिला


कोडिअॅक
९ नोव्हेंबर १९९७

लिओनिलाबाई,

कागद फाडला. शहर कचेरीतल्या माणसालाही कळवलं. त्यानं टोपी घातली.

आतांग ठेवलं. केळीची पानं इथं डब्यातून गोठलेली येतात, तुपिग बाहेरून जळलं आणि आतून कच्चं राहिलं. तुम्ही पाहिलं असतं तर पुन्हा वकिलाकडे गेला असतात. बारीक बर्फ पडत होतं. बरेच जण आले, प्रत्येकानं आपल्या घरचं काही आणलं, कारण माझ्या हातच्या स्वयंपाकावर कुणाचा विश्वास नाही. बेरिन जेवेपर्यंत आम्ही पाठ करून उभे राहिलो. वळून बघतो तर कावळ्यांनी अंडं नेलेलं. तुमच्याकडे हे धरतात की नाही ते कळवा. रोसिंगपुढेही ठेवलं. तिचा भात कुणी शिवला नाही. जिवंतपणीही ती सगळ्यांचं झाल्यावर जेवायची.

तुम्ही माफ करत नाही म्हणता, ते ठीक आहे. मी तुमच्याकडे मागितली नव्हती. तुमच्या मुलाला गावासमोर उभं केलंत ते मला पटलं नाही. बेरिन असता तर त्यानं मधे पडून काहीतरी विनोद केला असता. पण तो नव्हता आणि तुम्ही होतात, त्यामुळे माझ्या पटण्याला अर्थ नाही.

त्याच संध्याकाळी देल्फिनचा फोन आला. तुम्ही सांगितलं म्हणून केला का विचारलं, तर म्हणाला, आईला माहीत नाही. आता या पत्रानं होईल. मग नुसता रडत होता. मला त्याची समजूत घालायची नव्हती. पण फोनही ठेवला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, ‘काका, बाळाला घेऊन आलोय. त्याचा आवाज तुम्हाला ऐकवावा म्हटलं.’ आणि त्यानं फोन बाळाच्या तोंडाशी धरला. बाळ काही केल्या आवाज करेना. नुसता श्वास ऐकू येत होता, नाक चोंदल्यासारखा. मी कान लावून उभा होतो. मग मीच म्हटलं, ‘बेरिन, मी क्लेतो.’

नाक चोंदलंय त्याचं. बघा जरा.

क्लेतो